निवासी शाळेतली ड्यूटी, रात्रीचे सामने आणि नोकरीचं पहिलं वर्ष

प्रश्न चाळीसगावकडच्या एका तरुण शिक्षकाचा आहे. जानेवारीत ते टांझानियात, दार-एस-सलामच्या एका निवासी शाळेत गणित शिकवायला रुजू झालेत. त्यांचं विचारणं थोडक्यात असं: ११ जून २०२६ पासून फुटबॉलचा वर्ल्ड कप आहे, सामने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत, म्हणजे इकडे रात्री-अपरात्री. दर आठवड्याला वसतिगृहाची ड्यूटी, सकाळी साडेसातला पहिला तास. लहानपणापासून एकही वर्ल्ड कप सोडलेला नाही. पहिल्याच वर्षी रजा मागितली तर वाईट दिसेल का? आणि कुठलं ॲप घ्यावं?

भाऊ, ॲपचं शेवटी सांगतो, त्यात फारसं काही नाही. तुमची अडचण मला वेगळी दिसते. गावी आपण रात्रभर जागलो आणि दुसऱ्या दिवशी डुलक्या घेत तास घेतला, तर हेडमास्तर ओळखीचे, पालक ओळखीचे, सगळे हसून सोडून देतात. परक्या देशात पहिल्या वर्षी तुम्हाला कुणी ओळखत नाही. लोक तुमच्याबद्दल जे मत बनवतील, ते याच महिन्यांत बनवतील. तेव्हा आपल्या आवडीसाठी किती जागा मागायची, कुणाकडे मागायची आणि त्याआधी काय देऊन ठेवायचं, हा हिशेब आधी.

मी मूळचा धरणगावचा, आता जळगावात असतो. दार-एस-सलामलाच एका निवासी शाळेत भौतिकशास्त्र आणि गणित शिकवायचो. २०१८ आणि २०२२ हे दोन्ही वर्ल्ड कप तिथे नोकरी सांभाळून पाहिले. त्यामुळे पुढचं सगळं त्या शहराच्या आणि तसल्या शाळेच्या हिशेबाने लिहितोय. आखातातल्या किंवा जपानमधल्या शाळेत असाल तर वेळा बदलतील, बाकीचं बरंचसं तेच राहील.

सगळ्यात आधी शाळेचं कॅलेंडर बघा. तुमची शाळा टांझानियाच्या अभ्यासक्रमाची असेल तर सहामाही सत्र साधारण जूनच्या सुरुवातीला संपतं आणि जुलैच्या सुरुवातीला पुन्हा भरतं. मग साखळी सामने, म्हणजे ११ ते २७ जून, बरेचसे सुट्टीत येतील आणि बाद फेरी नव्या सत्राच्या तोंडावर येईल. शाळा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची असेल तर उलटं: जूनच्या मध्यापर्यंत वर्षअखेरीची घाई, निकालपत्रकं, आणि नंतर लांब सुट्टी. या दोन्हींत सल्ला पार वेगळा पडतो. तुम्ही शाळेचा प्रकार लिहिला नाही, म्हणून दोन्ही धरून सांगतो.

आता वेळा. तिथले जुने सहकारी तुम्हाला सांगतील, "काही कठीण नाही, आम्ही मागचे दोन्ही आरामात पाहिले." ते खरंच सांगतात, पण त्यावर जाऊ नका. २०१८ ला मॉस्को आणि २०२२ ला दोहा, दोन्हींचं घड्याळ दार-एस-सलामच्या घड्याळाशी तंतोतंत जुळणारं होतं. दोन्ही अंतिम सामने आमच्याकडे संध्याकाळी ६ ला सुरू झाले. कतारच्या साखळी सामन्यांच्या वेळा होत्या दुपारी १, ४, संध्याकाळी ७ आणि रात्री १०. शाळा सुटल्यावर चहा घेत बघता येतील अशा. या वेळी न्यूयॉर्क तुमच्या ७ तास मागे आहे. तिथला दुपारी १२ चा सामना तुम्हाला संध्याकाळी ७ ला, ३ चा रात्री १० ला, ६ चा मध्यरात्री १ ला आणि रात्री ९ चा पहाटे ४ ला. मधल्या वेळांचेही काही सामने आहेत, पण हे चार खांब लक्षात ठेवले तरी अंदाज येतो.

यात एक फसगत ठेवलेली आहे. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून आणि सूर्यास्तापासून मोजतात, म्हणजे आपल्या सात वाजता तिथे एक वाजतो. रात्री १० चा सामना शाळेचा वॉचमन "साआ न्ने", म्हणजे चारचा म्हणून सांगेल, आणि पहाटे ४ चा "साआ कुमी", म्हणजे दहाचा. सातचा होतो एकचा आणि एकचा होतो सातचा. एरवी असा घोटाळा झाला तर त्या वेळेला सामनाच नसतो, म्हणून लगेच लक्षात येतं. या वेळी चारही वेळांना सामने असतील, त्यामुळे चुकीच्या वेळी टीव्ही लावलात तरी काहीतरी चालू दिसेल. कुणी वेळ सांगितली की "कुठल्या घड्याळाने?" एवढं विचारायचं. तिथे कुणी त्यावर हसत नाही.

झोपेचं माझं मत ठाम आहे: मध्यरात्री १ चे सामने विसरा. रात्री १० चा सामना बाराच्या सुमारास संपतो, जादा वेळ झाला तर साडेबारा-पाऊण. सहाला उठता येतं. पहाटे ४ चा तर उलट सोपा आहे. नऊला आडवं व्हायचं, पावणेचारला उठायचं, सहाला सामना संपतो, अंघोळ करून ताजेतवाने शाळेत. आपल्याकडे रात्रीच्या लाइटवर पिकाला पाणी भरणारा शेतकरी असंच करतो. आधी झोप काढतो आणि मोटरची वेळ झाली की उठतो, जागत बसत नाही. एकचा सामना मात्र रात्रीचे दोन तुकडे करतो आणि दोन्ही तुकडे कामाचे राहत नाहीत. आणि एका रात्री दोन सामने कधीच नाही, कितीही मोठे संघ असोत. म्हणजे सामना निवडायचा तो संघ बघून नाही, दुसऱ्या दिवशीचं तासिकांचं वेळापत्रक बघून. वेळापत्रकात ज्या दिवशी पहिले दोन तास मोकळे आहेत त्याच्या आदल्या रात्रीवर आधी खूण करा, मग बघा त्या रात्री कोण खेळतंय. १०४ सामने आहेत हो, चांगलं काहीतरी मिळतंच. साखळीत ४८ पैकी फक्त १६ संघ बाहेर पडणार आहेत, गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाचे उत्तम आठ पुढे जातात. त्यामुळे मोठा संघ साखळीत गारद होण्याची भीती पूर्वीपेक्षा कमी. तुमचा लाडका संघ पुढे बाद फेरीत बघायला मिळेल. दोन्ही उपांत्य सामने आणि अंतिम सामना तुमच्याकडे रात्री १० चे आहेत, ही त्यातल्या त्यात मेहेरबानी.

रजा? सामन्यासाठी रजा मागू नका, पहिल्या वर्षी तर नाहीच. आणि आजारी असल्याचं सांगून घरी राहणं तर पार वेडेपणा. काल रात्री कुठला सामना होता हे स्टाफरूममध्ये शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. त्याऐवजी ड्यूट्यांची अदलाबदल करा, आणि तीही आधी देऊन. तुमच्या शाळेत ख्रिस्ती आणि मुस्लिम सहकारी दोन्ही असणार. मार्चमध्ये रमजान ईद आहे, ५ एप्रिलला ईस्टर, मेच्या अखेरीस बकरी ईद. या दिवसांच्या वसतिगृहाच्या ड्यूट्या आपणहून मागून घ्या. तुम्हाला तसंही त्या दिवशी कुठे जायचं नाही. कुणी "का?" विचारलं तर सरळ सांगा, जूनमध्ये मला दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या लागतील. लोकांना हा व्यवहार समजतो, आवडतोही. मी हे वर्षानुवर्षं केलं. त्या बदल्यात मला फक्त वर्ल्ड कपच मिळाला असं नाही, दिवाळीच्या दोन दिवसांतही ड्यूटी कधी लागली नाही.

मुख्याध्यापकांकडे जायचंच असेल तर एक छोटा कागद घेऊन जा. त्यावर तारखा, कुठला तास कुणाबरोबर बदलला, समोरच्याची सही. परवानगी मागायला गेलात तर त्यांना विचार करावा लागतो. झालेली व्यवस्था कळवायला गेलात तर बहुतेक वेळा मान हलवून मोकळे होतात. काही मुख्याध्यापक याबाबतीत कडक असतात, त्यांचा स्वभाव तुम्ही एव्हाना ओळखला असेल. तसं असेल तर कागदही नको, फक्त सहकाऱ्यांशी अदलाबदल.

वसतिगृहाच्या ड्यूटीच्या रात्रीचं वेगळं. टांझानियातल्या निवासी शाळांत मुलांकडे साधारणपणे मोबाईल नसतो, त्यामुळे त्या रात्री तुम्ही म्हणजेच त्यांचा वर्ल्ड कप. मुलं खिडकीशी येऊन हळूच विचारतील, "सर, किती झाले?" एकाला सांगितलं की दुसऱ्या मिनिटाला अख्खी इमारत जागी. मी पद्धत ठरवून टाकली होती: दिवे बंद झाल्यावर एकही स्कोअर सांगणार नाही, पण सकाळी प्रार्थनेआधी फळ्याच्या कोपऱ्यात रात्रीचे सगळे निकाल लिहिलेले असतील, गोल करणाऱ्यांच्या नावांसकट. एकदा मुलांना खात्री पटली की सकाळी नक्की कळणार, की रात्री शांत झोपतात. सातचा सामना मुलांना दाखवायचा असेल तर संध्याकाळच्या अभ्यासाचा तास पुढे-मागे करण्याचा निर्णय एकट्याने घेऊ नका, तो हाऊसमास्तरांचा. परीक्षेच्या आठवड्यात तर विषयही काढू नका.

वर्गात मात्र या स्पर्धेचा भरपूर उपयोग होतो, आणि इथे गणिताचा मास्तर म्हणून तुम्ही नशीबवान आहात. ३२ संघांत ८ गट, प्रत्येक गटात ६ सामने, म्हणजे ४८, आणि बाद फेरीचे १६ धरून ६४. आता ४८ संघ, १२ गट झाले तर एकूण सामने किती? मुलं ७२ पर्यंत पटकन येतात आणि बाद फेरीत अडकतात. ३२ संघांतून एक विजेता काढायचा तर ३१ जणांना हरवावं लागतं, आणि तिसऱ्या क्रमांकाचा एक सामना जादा, म्हणून ३२, एकूण १०४. हे स्वतः सापडलं की मुलं ते विसरत नाहीत. २०२२ मध्ये सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ हरवलं, तो सामना आमच्याकडे मंगळवारी दुपारी १ ला, म्हणजे भर शाळेत. अर्जेंटिनाचे तीन गोल पहिल्या अर्ध्यातच ऑफसाइड ठरले होते, म्हणजे पास सुटताना खेळाडू बचावपटूंच्या पुढे होता म्हणून रद्द. त्यावर मी अख्खा तास घेतला. हे मोजायला स्टेडियमच्या छताखाली १२ कॅमेरे, चेंडूच्या आत सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा सेन्सर. सेकंदाला ३० मीटर वेगाने जाणारा चेंडू दोन नोंदींच्या मधल्या वेळात किती सरकतो? ६ सेंटीमीटर. मग सेकंदाला ५० नोंदी घेणारा कॅमेरा असेल आणि खेळाडू सेकंदाला ८ मीटर पळत असेल तर? १६ सेंटीमीटर. तिथून पुढे मोजमापातली अचूकता म्हणजे काय, ही चर्चा मुलांनीच ओढून नेली.

दुसरं उदाहरण जपान-स्पेन. १ डिसेंबरच्या रात्री जपानच्या दुसऱ्या गोलाआधी चेंडू रेषेबाहेर गेला असं टीव्हीवर बाजूने स्पष्ट दिसत होतं, तरी गोल दिला, आणि त्या निकालाने जर्मनी स्पर्धेबाहेर. दुसऱ्या दिवशी वर्गात गदारोळ. खडूने रेषा आखली, शाळेचाच फुटबॉल तिच्या पलीकडे असा ठेवला की जमिनीला टेकणारा बिंदू रेषेबाहेर, पण चेंडूचा फुगीर भाग रेषेच्या वर. एकेका मुलाला आधी खाली बसून तिरकं बघायला लावलं, मग बाकावर उभं करून वरून. नियम असा की पूर्ण चेंडूने पूर्ण रेषा ओलांडली पाहिजे. लंबन, म्हणजे बघायची जागा बदलली की वस्तू सरकल्यासारखी दिसते ते, समजावायला मला याहून चांगलं साधन पुढे कधी मिळालं नाही. यासाठी तुम्ही रात्री जागलेलं असण्याचीही गरज नाही, सकाळी पाच मिनिटांची क्षणचित्रं पुरतात.

मुलं एक प्रश्न नक्की विचारणार: "सर, तुमचा देश कधी खेळणार?" त्याचं उत्तर तयार ठेवा, चिडू नका. भारताला १९५० च्या स्पर्धेत जागा मिळाली होती, संघ गेला नाही. अनवाणी खेळायला बंदी होती म्हणून गेला नाही, हे कारण लोक फार रंगवून सांगतात, ते तसंच्या तसं सांगू नका. प्रवास, तयारी, आणि त्या काळी ऑलिंपिकला दिलेलं जास्त महत्त्व, अशी बरीच कारणं त्यामागे होती. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, तिथे नेव्हिल डिसूझा यांची ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, हे सांगितलं की वर्ग जरा आदराने बघतो. टांझानियाही वर्ल्ड कप कधी खेळलेला नाही, त्यामुळे या दुःखात तुम्ही एका बाकावर आहात. तिथे लोक मग आफ्रिकेतल्या कुठल्याही संघामागे उभे राहतात. २०२२ ला मोरोक्को उपांत्य फेरीत गेला, असा तो पहिला आफ्रिकी संघ, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये मोरोक्को कुठे आहे हे नकाशात दाखवता न येणारेही नाचत होते. तुम्हाला ब्राझील आवडो की जर्मनी, समोर आफ्रिकी संघ असेल त्या दिवशी आपलं प्रेम खिशात ठेवलेलं बरं.

त्याहून नाजूक विषय तिथल्या दोन क्लबांचा, सिम्बा आणि यांगा. वर्ल्ड कपबद्दल वाद घातलात तर दोस्ती वाढेल. या दोघांबद्दल पहिल्या वर्षी मत देऊ नका. लाल शर्ट किंवा हिरवा-पिवळा शर्ट घालून शाळेत गेलात तर कारण नसताना एका बाजूचे होऊन बसाल. आणि पैजा अजिबात नाहीत. बेटिंगची दुकानं तिथे जागोजागी आहेत, सहकारी सहज विचारतील. पोरांना शिकवणाऱ्या माणसाचं नाव त्या दुकानाच्या दारात दिसू नये, एवढंच.

बघायचं कुठे, यावर माझा कल स्पष्ट आहे: खोलीत एकट्याने मोबाईलवर बघू नका, निदान साखळीतले दोन-तीन सामने तरी सहकाऱ्यांकडे जाऊन बघा. नव्या माणसाला घरी बोलवायला लोकांना निमित्त लागतं, आणि याहून सोपं निमित्त वर्षभरात मिळणार नाही. मी ज्यांच्याकडे सामने बघायला जायचो, त्यांनीच पुढे घर शोधायला, परवान्याच्या कागदांना, डॉक्टरला मदत केली. जाताना हात हलवत जाऊ नका. आपल्याकडून येताना आणलेली शेव, भाजलेले शेंगदाणे, काही चालतं. शेव जरा तिखट असेल तर आधी सांगा. वस्तीत पत्र्याच्या शेडमध्ये बाकडी टाकून सामने दाखवतात, त्याला तिथे किबांदा उमिझा म्हणतात, थोडे पैसे घेतात. सातचा सामना तिथे बघण्याची मजा काही औरच, पण ओळखीच्या माणसाबरोबर जा, आणि दहाचा सामना शाळेच्या आवारात किंवा चालत जाता येईल अशा घरीच बघा. मध्यरात्री बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, बसून परत येण्यासारखा कुठलाही सामना नसतो.

घरच्यांच्या फोनचंही आधीच ठरवून टाका. तुमच्या संध्याकाळी सातला चाळीसगावला साडेनऊ वाजलेले असतात, आईचा फोन नेमका तेव्हाच येणार. तो सामन्याआधी, साडेसहालाच करून घ्या. घरच्या कुणाबरोबर व्हिडिओ कॉलवर सामना बघायचा बेत असेल तर एक अडचण सांगतो. २०२२ च्या अंतिम सामन्यात माझा भाचा धुळ्याहून कॉलवर होता. आमचा टीव्ही उपग्रहावर, त्याचा मोबाईल इंटरनेटवर, आणि इंटरनेटवरचं चित्र मागे चालतं. फ्रान्सच्या एम्बापेने दोन मिनिटांच्या आत दोन गोल केले, ते दोन्ही त्याला आमच्या आरडाओरड्यावरून आधी कळले. पेनल्टीच्या वेळी बिचाऱ्याने फोनच ठेवून दिला. एकत्र बघायचंच असेल तर ज्याचं चित्र पुढे आहे त्याने आपला माइक बंद ठेवायचा.

आता ॲप. भारतातलं सबस्क्रिप्शन तिथे चालत नाही, प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक वेगळे विकलेले असतात. वळसे घालून चालवायच्या युक्त्या पोरं सांगतील. शाळेच्या वायफायवर त्या करू नका, नोंद राहते. सहकाऱ्यांना विचारून स्थानिक सेट-टॉप बॉक्स आणि त्याचं योग्य पॅकेज घ्या. फक्त एक बघा: स्पर्धा ३९ दिवसांची आहे आणि पॅकेज महिन्याचं. १० जूनला पैसे भरलेत तर उपांत्य सामन्यांच्या आधीच संपेल. दोन महिन्यांची तयारी ठेवा, नाहीतर पहिले दहा दिवस दुसऱ्याच्या घरी काढून मग भरा. विजेचं मीटर प्रीपेड असेल, तिथे त्याला लुकू म्हणतात, तर संध्याकाळीच युनिट भरून ठेवा, ते नेमके मध्यंतरानंतर संपतात.

तुमची शाळा आंतरराष्ट्रीय असेल आणि जुलैत तुम्ही घरी येणार असाल, तर वेळा आणखी अडीच तास पुढे सरकतात. तुमचे दहाचे सामने चाळीसगावला रात्री साडेबाराचे, आणि चारचे सकाळी साडेसहाचे. सकाळचे तर चहा घेताघेता होतील. रात्रीच्याला आई "झोप ना रे भो आते" म्हणत दोनदा उठून येईल, ते सोसायचं. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, इन्व्हर्टर दुपारीच बघून ठेवा. आणि अंतिम सामना तिकडे रविवारी १९ जुलैला आहे, पण आपल्याकडे घड्याळात तेव्हा २० तारीख लागलेली असेल, सोमवार. गजर लावताना रविवारच्या रात्रीचा लावा. २० तारीख बघून सोमवारच्या रात्री जागत बसलात तर टीव्हीवर विजेत्यांची मिरवणूकच दिसेल.